तळपायाची आग

फ्लॅट बुक करताना आम्ही काय पाहिलं, सांगू? बदलापूर स्टेशनपासून रिक्षाने किती मिनिटं, ईएमआय किती, आणि ब्रोशरच्या कव्हरवरचा निळाशार स्विमिंग पूल. पूलभोवती फरशी कसली, हे विचारणारा प्राणी मला अजून भेटलेला नाही. मीही विचारलं नव्हतं. काळा, आरशासारखा चकचकीत ग्रॅनाइट होता. फोटोत तर एकदम फाइव्ह स्टार!

आमच्यासारख्या लोकलवाल्यांचा पूलशी संबंध यायचा तो रात्री साडेसातनंतर. त्यामुळे दुपारी तिथे काय होतं, ते कळलं एप्रिलमधल्या एका रविवारी. शेजारच्या काकूंचा चार वर्षांचा नातू बारा वाजता पाण्यातून बाहेर आला, टॉवेलकडे धावला आणि अर्ध्यातच भोकाड पसरून उभा राहिला. त्याला उचलून घेईपर्यंत उशीर झाला होता. दोन्ही तळव्यांना फोड. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती तळपायाची आग मस्तकात! शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, फरशी बदलायची. कुठली, ते शोधणार कोण? ‘तू पत्रकार ना गं?’ सेक्रेटरी काका म्हणाले. झालं!

सुरुवात केली अंबरनाथच्या शिवमंदिरापासून. म्हटलं, दगडाचं शिक्षण घ्यायचं तर जवळपास हजार वर्षं उन्हात उभ्या असलेल्या दगडाकडून घ्यावं. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखानुसार १०६० सालचं हे देऊळ आपल्याच काळ्या बेसॉल्टचं. भर दुपारी चपला काढून चालायला लागले आणि अक्षरशः नाचत दारापर्यंत पोचले. आत शिरले, पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्याकडे गेले, तर पायाखाली गारेगार! दगड तोच, देऊळ तेच. फरक फक्त सावलीचा. पहिला धडा तिथेच मिळाला. आम्ही दगड शोधत होतो, पण आधी सावली शोधायला हवी होती.

मग उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं १९४९ साली हे शहर झालं, आणि पत्ते आजही कॅम्प नंबरने सांगतात. हवं ते मिळतं आणि भाव करता येतो. टाइल्सच्या दुकानात मला सगळ्यात आधी काय दाखवलं असेल? काळा ग्रॅनाइट! ‘मॅडम, सोसायट्यांमध्ये हेच चालतं.’ मी मात्र पिशवीभर नमुने गोळा केले. काळा ग्रॅनाइट, कोटा, क्रीम रंगाचा खरखरीत सँडस्टोन, लाकडासारखी दिसणारी गडद कंपोझिट पट्टी आणि गच्चीवर लावतात तो पांढरा चायना मोझॅक.

सगळे नमुने अकरा वाजता आमच्या गच्चीवर मांडले आणि एक वाजता अनवाणी परीक्षा घेतली. नियम एकच. पाय ठेवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. ग्रॅनाइटवर ‘दोन’ म्हणायच्या आत पाय वर! कोट्यावर चारपर्यंत तग धरला. कंपोझिटकडून फार आशा होती, पण गडद रंगाने घात केला, पाचला शरणागती. सँडस्टोन आणि चायना मोझॅकवर दहा पूर्ण. मोझॅकवर डोळे मात्र दिपले आणि तुकड्यांच्या कडाही टोचल्या.

असं का? रंग ठरवतो फरशी किती तापणार. गडद रंग ऊन पिऊन घेतो, फिका परतवतो. ही उष्णता पायात किती वेगाने शिरणार, ते ठरवतं मटेरियल. घट्ट, जड ग्रॅनाइट ती झटकन देऊन टाकतो, लाकूड कंजूषपणे देतं. आणि खरखरीत पृष्ठभागावर तळवा पूर्ण टेकतच नाही. वेगाला किती महत्त्व आहे? मोरित्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिलं, की ४४ अंशांना कातडी भाजायला सुमारे ६ तास लागतात, तर ६० अंशांना अवघे ५ सेकंद पुरतात. लहान मुलांची कातडी तर आणखी पातळ.

मी खूश! सँडस्टोन फायनल. रिपोर्ट लिहायला घेतला आणि सहज पूल साफ करणाऱ्या दादांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते दुपारी दोन वाजता काम करतात, कारण तेव्हा पूल रिकामा असतो. म्हणजे आम्हाला अडचण नको म्हणून! आणि अनवाणी करतात. ‘चप्पल घातली की ओल्या फरशीवर सटकतो ताई. एकदा पडलो. तेव्हापासून गोणपाट भिजवून टाकतो आणि त्यावरून चालतो.’ दोनदा ऑफिसात सांगितलं होतं म्हणे. दोन उन्हाळे एक माणूस पडायचं की भाजायचं यातून निवड करत होता, आणि आमच्या ग्रुपवर हे आलं ते मुलाच्या पायाला फोड आल्यावर. रिपोर्टचा पहिला परिच्छेद मी खोडला आणि त्यांच्यापासून सुरुवात केली.

त्यांच्यामुळेच दुसरी परीक्षा घेतली, साबणाच्या पाण्याची. पॉलिश केलेलं सगळं नापास. खरखरीत सँडस्टोन पास, पण त्याचेही नखरे आहेतच. तेलाचे डाग शोषतो, म्हणून सीलर हवा. पावसाळ्यात शेवाळं धरतो, म्हणून घासायला हवा.

मीटिंगमध्ये खर्चाचा आकडा ऐकून शांतता पसरली. अख्खा डेक बदलायला पैसे नव्हते. ठरलं ते असं: पूलच्या कडेने आणि शॉवरपर्यंतच्या वाटेवर क्रीम सँडस्टोन, बसायच्या जागेवर शेड, आणि साफसफाई सकाळी सातला. त्यासाठी पूल एक तास उशिरा उघडेल. या शेवटच्या मुद्द्यावर सकाळी पोहणाऱ्यांनी कुरकुर केली. मतदान झालं. ठराव तीन मतांनी पास!

तुमच्याही सोसायटीत हा विषय निघाला, तर एवढं करा. नमुना शोरूमच्या एसीत नाही, भर दुपारी उन्हात ठेवून बघा, कोरडा आणि ओला, दोन्ही. टाइल घेणार असाल तर दुकानदार आर-१०, आर-११ असे आकडे सांगेल. ती चाचणी बूट घालून केलेली असते. अनवाणी पायांसाठी जर्मन मानकात ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत. पूलभोवती निदान बी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी मागा. कोटा हा चुनखडीचा दगड, तो ॲसिडने धुऊ नका. फरशीचा उतार पूलकडे नको, नाल्याकडे हवा. आणि भर दुपारी तिथे कोण चालतं, हे सगळ्यात आधी विचारा.

परवा सुट्टी होती. बारा वाजता खाली गेले. काकूंचा नातू नव्या फरशीवर उभा राहून मोठ्याने मोजत होता, एक, दोन, तीन... दहाच्या पुढे त्याला येत नाही, म्हणून पुन्हा एकपासून सुरू!