परदेशात शोध जुन्या फियाटचा

व्यापार वा नोकरीनिमित्त विलायतेत स्थायिक झालेल्या कुटुंबांचा आरंभीचा काळ धावपळीचा जातो. घर लागते, मुलांच्या शाळा ठरतात, व्यवसायाची घडी बसते. आणि मग एखादी जुनी ओढ डोके वर काढते. ज्या गाडीतून आजोबा पेढीवर जात, ज्या गाडीत सारे घर दाटीवाटीने बसून कुंभोजच्या किंवा गजपंथाच्या यात्रेला निघे, तशी गाडी पुन्हा दारात असावी असे वाटू लागते. महाराष्ट्रातील कित्येक व्यापारी घरांत ती गाडी म्हणजे फियाट.

या गाडीशी जैन समाजाचे नाते जुने आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. फियाट ११०० इटलीत १९५३ साली अवतरली आणि लवकरच प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे इटलीत १९६२ ते १९६६ या काळात ‘११०० डी’ निघाली. तिच्याच आराखड्यावर भारतात डिलाइट, प्रेसिडेंट आणि अखेर पद्मिनी ही नावे आली. इटलीने हे मॉडेल सोडून दिल्यावरही कुर्ल्यात ते कित्येक वर्षे बनत राहिले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस निरोप घेतला.

शोध कोठे घ्यावा

ब्रिटनमध्ये फियाट ११०० विरळ. इटलीत मात्र ती घरोघरी वापरली गेलेली गाडी, म्हणून शोध बहुधा तिकडेच वळतो. मात्र इटलीतील गाडीचे स्टिअरिंग डाव्या बाजूस असते, हे आधीच ध्यानात घ्यावे. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील आणि उत्पादन बंद झालेली गाडी ऐतिहासिक महत्त्वाची म्हणून ब्रिटनच्या सीमाशुल्क नियमांत बसली, तर तिच्यावर आयात शुल्क लागत नाही. मूल्यवर्धित करही केवळ पाच टक्के पडतो. गाडी देशात आल्यापासून चौदा दिवसांच्या आत कर विभागास कळवावे लागते. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीस, तिच्यात मोठे बदल केलेले नसल्यास, वार्षिक तपासणीतून सूट मिळते. ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद करून घेतली की रस्ता कराचा भारही उरत नाही. सूट मिळाली तरी गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच असते.

ब्रिटनमध्येच गाडी मिळाली, तर कागद डोळ्यांत तेल घालून पाहावेत. तेथील नोंदणीपुस्तिकेत ज्याचे नाव असते तो गाडी बाळगणारा. तोच कायदेशीर मालक असेल असे नाही. म्हणून खरेदीची जुनी पावती मागावी, गाडीवर कर्ज नाही याची खात्री करावी आणि चासिस क्रमांक कागदाशी ताडून पाहावा.

गंजाचा हिशेब

नफा खरेदीतच असतो, ही व्यापाऱ्याची शिकवण. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र ती उलटी समजून घ्यावी लागते: सर्वांत स्वस्त गाडी बहुधा सर्वांत महाग पडते. इंजिन उघडून दुरुस्त करता येते. गंजलेला सांगाडा पैसा आणि वर्षे दोन्ही गिळतो. या गाडीस वेगळी चौकट नाही, पत्र्याची कायाच सारा भार पेलते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत दारांखालचे पट्टे, तळाचा पत्रा व चाकांच्या कमानी आधी सडतात. लोहचुंबक सोबत न्यावा. तो जेथे चिकटत नाही, तेथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली असते.

सुट्या भागांसाठी नजर मुंबईकडे वळणे स्वाभाविक आहे. दोन्ही गाड्यांच्या बांध्यात पुष्कळ साम्य आहे. पण नावात ११०० असूनही इटलीच्या ‘डी’चे इंजिन १२२१ सीसीचे, तर पद्मिनीचे १०८९ सीसीचे. तेव्हा पिस्टनसारखा भाग मागवण्यापूर्वी माप घ्यावे. ब्रिटनमधील साध्या पेट्रोलमध्ये आता दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात. त्या बदलाव्यात व कमी इथेनॉलचे पेट्रोल भरावे. आसने नव्याने मढवताना कारागीर चामडे सुचवील. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराने रेक्झिन किंवा कापड हवे, असे प्रथमच स्पष्ट सांगावे.

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. दुरुस्तीवर घातलेला सारा पैसा विक्रीत परत येईलच, असा भरवसा नसतो. म्हणून धंद्याच्या भांडवलास हात न लावता, वर्षाकाठी ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि तेवढेच काम करावे. सर्व भाग एकाच वेळी सुटे केलेली, मग वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिलेली गाडी हे घाईचेच फळ असते.

संयमाने केलेल्या या कामाचा खरा लाभ वहीत लिहिता येत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांना आजोबांच्या पेढीची गोष्ट सांगून कळत नाही. स्टिअरिंगशेजारच्या गिअरवर हात ठेवला, की तीच मुले आपण होऊन विचारू लागतात. त्या प्रश्नांची उत्तरे देणारे वडीलधारे घरात आहेत, तोवरच हा शोध सुरू करावा.