डोंगरांतील सायकल-शर्यती

सायकल हें वाहन आमच्या वाचकांना नवें नाहीं. शाळेंत जाणारीं मुलें, कचेरींत जाणारे गृहस्थ, दुधाच्या चरव्या लावून दारीं येणारा गवळी, या सर्वांचा भार तिनें कित्येक पिढ्या निमूटपणें वाहिला आहे. आणि पुण्याची तर एके काळीं ‘सायकलींचें शहर’ अशीच ख्याति होती. मुंबईहून घाट चढून पुण्यास येणारी शर्यत आणि तींत ‘घाटांचा राजा’ ठरणारा वीर यांच्या कथाहि आपल्याकडील क्रीडाप्रेमी कुटुंबांत आवडीनें सांगितल्या जातात. परंतु रस्ता सोडून रानांत शिरणारी, दगडधोंडे, झाडांचीं मुळें, चिखल आणि उभे चढ यांवरून जाणारी जी सायकल-शर्यत गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरली आहे, तिची माहिती आपल्यापैकीं थोड्यांनाच आहे. इंग्रजींत तिला ‘क्रॉस-कंट्री माउंटन बाइक’ शर्यत असें म्हणतात.

या विषयावर लिहिण्यास आम्हांस एक विशेष कारण आहे. अलीकडे आपल्या घरांतूनहि एखादा मिळवता मुलगा किंवा एखादी लेक-सून रविवारीं भल्या पहाटे सायकल घेऊन डोंगराकडे जाते आणि दुपारीं चिखलानें माखून, गुडघे खरचटून परत येते, असें दृश्य दिसूं लागलें आहे. ‘पहिला नंबर येण्याची आशा नाहीं, चार पैसे मिळावयाचे नाहींत, मग हा उपद्व्याप कशासाठीं?’ असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतात. हा प्रश्न अनाठायीं आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचेंच उत्तर शोधावयाचा आमचा विचार आहे.

जुन्या सायकलींतून नवा खेळ

या खेळाला आरंभीं ना कोणाचा आश्रय होता, ना कोणाचें द्रव्य. अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन नांवाचा परगणा आहे व तेथें टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण, चाळीस वर्षांपूर्वीं बनलेल्या जाड टायरांच्या अवजड सायकली जुन्या बाजारांतून शोधून काढीत, डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेनें खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारें दोन मैलांच्या त्या उतारांत वाट जवळजवळ तेराशें फूट खालीं येत असे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असून पेडल उलटें दाबलें म्हणजे तो लागे. उतार संपेपर्यंत हब इतकें तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेपूर्वीं तें उघडून पुन्हां नवें ग्रीस भरावें लागे. या ‘पुन्हां भरण्या’वरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ असें नांव पडलें.

जुने सांगाडे हा मार सोसत ना. तेव्हां जो ब्रीझ नांवाच्या तरुणानें १९७७ सालीं याच कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा बनविण्यास घेतला. टॉम रिची यानें जोडलेल्या सांगाड्यांच्या सायकली विकण्यासाठीं गॅरी फिशर व चार्ल्स केली या दोघांनीं १९७९ सालीं व्यवसाय मांडला. आणि १९८१ सालीं ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यांत मोठ्या संख्येनें तयार झालेली डोंगरी सायकल बाजारांत आली. १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो या गांवीं पहिल्या अधिकृत जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या, आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिकमध्यें क्रॉस-कंट्रीला स्थान मिळालें. जुन्या बाजारांतील सायकलीपासून ऑलिंपिकच्या पदकापर्यंतचा हा सारा प्रवास अवघ्या वीस वर्षांत झाला.

शर्यतीचें स्वरूप

रीपॅक ही केवळ उताराची शर्यत होती. क्रॉस-कंट्रींत चढ आणि उतार दोन्ही येतात, आणि बहुधा चढच निकाल ठरवितात. ऑलिंपिकच्या धर्तीच्या शर्यतींत चार-पांच किलोमीटरांच्या वाटोळ्या मार्गावर अनेक फेऱ्या घालावयाच्या असतात व ती साधारण दीड तासांत आटोपते. हौशी मंडळींच्या शर्यती पुष्कळदां याहून लांब, कधीं कधीं शंभर किलोमीटरांच्याहि असतात.

सर्व स्पर्धक एकदम सुटतात. आरंभीं वाट रुंद असते. पण लवकरच ती पाऊलवाटेएवढी अरुंद होते आणि मग पुढच्यास ओलांडणें दुष्कर होतें. म्हणून पहिल्या कांहीं मिनिटांत प्रत्येकजण जिवाच्या करारानें दौड करतो. नवशिक्याचा घात बहुधा येथेंच होतो. पहिल्याच चढावर त्याचा दम संपतो, आणि ज्यांना त्यानें मागें टाकलेलें असतें ते एकेक करून संथपणें त्याच्या पुढें निघून जातात.

चढावर गिअर हलका ठेवून सीटच्या पुढच्या टोकाशीं सरकावें लागतें. मागें रेलून बसलें तर पुढचें चाक उचलतें. फार पुढें झुकलें तर मागचें चाक मातींत नुसतेंच गरगरतें. उतारावर याच्या उलट, सीटवरून उठून अंगाचा भार मागें न्यावयाचा, कोपरें सैल ठेवावयाचीं, आणि ब्रेक वळणाच्या आधींच लावावयाचा. नजर तर सदैव पुढच्या मोकळ्या वाटेवर हवी. धोंड्याकडे टक लावून पाहणारा हमखास धोंड्यावरच जाऊन आदळतो. टायरांत हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे तीं दगडावर दबून पकड घेतात. हल्लीं आंत ट्यूब न घालतां, बारीक छिद्र आपोआप बुजवील असा एक पातळ द्रव टायरांत भरण्याची चाल रूढ झाली आहे.

खाण्याचेंहि एक शास्त्र आहे. जोराच्या श्रमांत शरीरांतील साखरेचा सांठा दीड-दोन तासांत ओसरूं लागतो. तो संपला म्हणजे पाय जड होतात, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि मनुष्य आपण येथें आलोंच कशाला असें म्हणूं लागतो. म्हणून अशा लांब शर्यतींत तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर किंवा पिष्टमय पदार्थ पोटांत जाईल अशी व्यवस्था ठेवावी असा जाणत्यांचा सल्ला आहे. विलायती वड्या नसल्या तरी केळें आणि गुळाची चिक्की हें काम उत्तम करतात.

हौशी मंडळींचे मेळावे

या खेळाचें खरें वैभव पदकवीरांत नसून हजारों हौशी स्पर्धकांत आहे. नॉर्वे देशांत रेना गांवापासून लिलेहामरपर्यंत डोंगर ओलांडून जाणारी एक शर्यत १९९३ पासून होत आली आहे. अंतर सुमारें पंचाऐंशी किलोमीटर. शिक्षक, डॉक्टर, कारकून, शेतकरी, त्यांच्या बायका व मोठीं मुलें असे हजारों लोक तींत उतरतात. तिचा एक नियम मोठा विलक्षण आहे. प्रत्येक स्पर्धकानें पाठीवर निदान साडेतीन किलो वजनाची पिशवी वाहिली पाहिजे.

हा भार कशाचा? सन १२०६ मध्यें त्या देशांत यादवी माजली असतां, राजवंशाचा सुमारें दोन वर्षांचा वारस हाकोन यास शत्रूपासून वांचविण्यासाठीं ‘बिर्केबाइनर’ पक्षाच्या दोघा योद्ध्यांनीं हिंवाळ्यांतील हिमवादळांत, पायांना बर्फावर घसरण्याच्या फळ्या बांधून, त्याला डोंगरापलीकडे नेलें. पुढें १२१७ सालीं तें मूल राजा झालें. पाठीवरचें तें वजन त्या बालकाचें प्रतीक होय. टोपलींत बाळकृष्ण घेऊन यमुना ओलांडणाऱ्या वसुदेवाची कथा ज्यांनीं लहानपणीं आजीच्या मांडीवर बसून ऐकली आहे, त्या आमच्या वाचकांना या नियमाचें मर्म वेगळें सांगावयास नको.

अमेरिकेंतील लेडव्हिल या गांवची शर्यत निराळ्या कारणानें प्रसिद्ध आहे. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच असलेलें हें खाणकामगारांचें गांव. १९८२ सालीं तेथील मोठी खाण बंद पडली आणि घरोघर बेकारी आली. गांवाकडे लोकांची रहदारी वाढावी म्हणून दुसऱ्याच वर्षीं एका खाणकामगारानें शंभर मैल पायीं धांवण्याची शर्यत सुरू केली; १९९४ पासून तिला सायकलच्या शर्यतीची जोड मिळाली. मार्ग एके ठिकाणीं बारा हजार फुटांच्याहि वर जातो. तेथें हवा इतकी विरळ कीं कित्येकांना सायकल हातीं धरून पायीं चालावें लागतें. बारा तासांच्या आंत परत येणाऱ्या प्रत्येकास कंबरपट्ट्याचें एक बक्कल मिळतें. पहिला येणारा साधारण सहा तासांत पोंचतो. परंतु अकरा तास एकोणसाठ मिनिटांनीं येणाऱ्या मनुष्यासाठीं गांवकरी जो जल्लोष करतात, तोहि कांहीं कमी नसतो.

आपली दुरुस्ती आपणच

या खेळांत आरंभीं कित्येक वर्षें असा दंडक होता कीं वाटेंत सायकल मोडली तर स्पर्धकानें ती स्वतःच दुरुस्त करावी, बाहेरच्या कोणाचाहि हात तिला लागूं नये. पुढें वरच्या दर्जाच्या शर्यतींत नियम सैल होऊन ठराविक जागीं मदत घेण्याची मुभा मिळाली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला शंभर वर्षें लोटल्यावर, २०२४ च्या त्याच नगरींतील ऑलिंपिकमध्यें इंग्लंडच्या टॉम पिडकॉक याचें टायर ऐन शर्यतींत पंक्चर झालें. चाक बदलून निघेपर्यंत तो अर्ध्या मिनिटाहून अधिक मागें पडला. तरीहि त्यानें एकेकास गांठलें आणि शेवटच्या फेरींत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेट्स्की यास मागें टाकून सुवर्णपदक मिळविलें.

हौशी स्पर्धकाजवळ मात्र चाक बदलून देणारा कारागीर नसतो. पंप, एक जादा ट्यूब, टायर काढण्याचे लीव्हर आणि तुटलेली चेन जोडण्याचें हत्यार तो बरोबर बाळगतो, आणि रानांत, घामानें डोळे झोंबत असतां, हीं कामें हातावेगळीं करतो. जो गृहस्थ घरांतील नळाचा वायसर बदलण्यासाठींहि मिस्त्री बोलावीत असे, तो अशा दोन शर्यतींनंतर स्वतः पाना हातीं घेतो. हा लाभ कुटुंबालाहि होतो.

स्त्रियांना हा खेळ झेपेल काय, या शंकेचें निरसन केव्हांच झालें आहे. अटलांटा येथें पुरुषांबरोबरच स्त्रियांचीहि शर्यत झाली व ती इटलीच्या पाओला पेत्सो हिनें जिंकली. नॉर्वेची गुन-रीता दाले हिनें २००४ सालीं अथेन्स येथें सुवर्णपदक मिळविलें. २००९ सालीं ती आई झाली. आणि २०१३ सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, लांब पल्ल्याच्या शर्यतीचें जागतिक अजिंक्यपद तिनें पुन्हां पटकाविलें.

वडील मंडळींचा प्रश्न

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा उपद्व्याप कशासाठीं? चाळिशीच्या मनुष्याचें जीवन बहुधा ठराविक चाकोरींतून जात असतें. कचेरींत त्याचा हुद्दा त्याच्यासाठीं बोलतो, घरांत त्याचें नातें. आपण खरोखर किती पाण्यांत आहों हें त्याला सांगणारें कोणी उरत नाहीं. चढ मात्र हुद्दा विचारीत नाहीं. शर्यतींत वयोगट पाडलेले असल्यामुळें त्याची तुलना विशीच्या पोरांशीं न होतां समवयस्कांशीं होते. आणि शंभरांत साठावा येणारा मनुष्य पुढल्या वर्षीं पंचावन्नावा येण्यासाठीं लवकर निजूं लागतो, चहाबरोबरचा फराळ आंवरतो, नेमानें उठतो. बाप हरतो आणि हरूनहि पुन्हां तयारीला लागतो, हें मुलांच्या दृष्टीस पडणें हेंहि एक शिक्षणच आहे.

परंतु दुसरी बाजूहि आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. पडणें या खेळांत अटळ आहे, आणि खांद्याजवळचें गळपट्टीचें हाड मोडल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. हेल्मेटवांचून कोणीहि निघूं नये, व चाळिशी उलटलेल्यांनीं आधीं डॉक्टरकडून छाती तपासून घ्यावी. आपल्या देशांतहि सिमल्याच्या बाजूस २००५ पासून अनेक दिवस चालणारी डोंगरी शर्यत भरूं लागली, आणि सह्याद्रीच्या वाटा तर आपल्या दारांतच आहेत. पण भर पावसाळ्यांत त्या वाटांवर चाकांचे चर पडले म्हणजे त्यांतून पाणी धांवतें आणि वाट धुपून जाते; शेताच्या बांधावरून सायकल घालणें तर सर्वथा गैर होय.

सर्वांत मोठा प्रश्न वेळेचा. तयारीसाठीं आठवड्याला सहा-आठ तास सहज जातात, आणि एकत्र कुटुंबांत एकाचे तास हे दुसऱ्या कोणाच्या तरी वांट्याला कष्ट म्हणून येतात. रविवारीं मंडईंत कोण गेलें? अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ कोण बसलें? चिखलाचे कपडे कोणी धुतले? ज्या खेळाचा पहिला नियम ‘आपला भार आपण वाहावा’ हा आहे, त्या खेळाच्या उपासकानें घराच्या उंबरठ्याशीं तो नियम विसरूं नये. कपडे त्यानें स्वतः धुवावे, सायकल अंगणांत स्वतः पुसावी, शनिवारची संध्याकाळ आजोबांना द्यावी. आणि मुलाला जी मोकळीक मिळते ती सुनेसहि, तिला हवी असल्यास, कांहीं न सुनावतां मिळावी. असें ठरलें, तर वडील मंडळींनींहि एखादे वेळीं सकाळीं शर्यतीच्या अखेरच्या रेषेपाशीं जाऊन उभें राहावें, आणि पहिला आलेला निघून गेल्यावरहि आपलें मनुष्य येईपर्यंत तेथून हलूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.