कंबर मोडलेली नाही, मांजर माजावर आली आहे

रात्री साडेअकराला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. "अगं, आमच्या मनीची कंबर मोडली बहुतेक. मागचं अंग खाली-वर करतेय आणि संध्याकाळपासून नुसती रडतेय." मी गेले. सात महिन्यांची मनी स्वयंपाकघराच्या फरशीवर छाती टेकून पडली होती. मागचा भाग उंच, शेपटी एका बाजूला वळवलेली, आणि मागचे दोन्ही पाय जागच्या जागी पावलं टाकल्यासारखे हलत होते. काकूंनी पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग आणखी वर यायचा. मधेच ती उठली, एका उडीत ओट्यावर गेली आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावून लांब, घोगऱ्या आवाजात ओरडू लागली.

कंबर मोडलेलं मांजर ओट्यावर उडी मारत नाही. मनी पहिल्यांदाच माजावर आली होती.

माझा जीव खालीवर झाला तो काकूंच्या हातातली गोळी बघून. तापाची, पॅरासिटामॉलची, अर्धी मोडलेली. "दुखत असेल म्हणून देत होते." ही गोळी मांजराच्या जिवावर उठते. माणसाचं यकृत ती ज्या पद्धतीने निकामी करतं, ती सोय मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात आणि अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. माजाला दुखणं समजल्यामुळे असं काही घडू शकतं, म्हणून हे गैरसमज मला किरकोळ वाटत नाहीत.

मग माज ओळखायचा कसा? बीजांडकोशातून इस्ट्रोजेन वाढलं की मांजरीचा स्वभावच पालटतो. एरवी अलिप्त असणारी मांजर पायात घोटाळते, गाल आणि मान दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पायावर घासत राहते, फरशीवर लोळते. जेवण कमी होतं. काही जणी भिंतीवर किंवा पडद्यावर लघवीचा फवारा मारतात. त्या लघवीच्या वासातूनच आसपासच्या बोक्यांना निरोप जातो. नुसती शेपटीच्या मुळाशी खाजवल्यावर मागचा भाग उचलणं ही मात्र खूण धरू नका. लाडात आलेली कुठलीही मांजर तसं करते. ओरडणं, लोळणं आणि ती शेपटी बाजूला करून बसण्याची ढब एकत्र दिसली, तर माज समजावा. सगळ्याच जणी गल्ली डोक्यावर घेतात असंही नाही. सयामी मांजरींचा आवाज मोठा, तर पर्शियनचा माज इतका शांत असू शकतो की घरच्यांना पत्ताही लागत नाही.

दुखणाऱ्या मांजरीचं वागणं याच्या उलट असतं. ती कोपऱ्यात, पलंगाखाली लपते, हात लावू देत नाही. माजावरची मांजर हात लावा म्हणून मागे लागते. लिटर ट्रेमध्ये वारंवार बसून थेंबभरच लघवी होत असेल, किंवा चोवीस तासांत तोंडात घासही गेला नसेल, तर मात्र माज म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

कुत्री पाळलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "रक्त कुठे दिसलं?" कुत्रीला माजाच्या सुरुवातीला रक्तस्राव होतो, मांजरीला होत नाही. मांजरीच्या मागच्या बाजूला रक्त किंवा पू दिसला, तर तो आजार आहे. गर्भाशयात पू साठण्याचा विकार बहुधा माजानंतर काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. त्यात मांजर मलूल होते, पाणी जास्त पिते, कधी पोट फुगतं. तिथे दिवसभराची वाट बघणंही महागात पडतं.

"थंडी संपली की येतात त्या माजावर, बाकी वर्षभर काळजी नाही," हे अर्धंच खरं. मांजरीचं शरीर ऋतू ओळखतं ते उजेडावरून. संक्रांतीच्या सुमारास दिवस मोठा होऊ लागतो आणि रात्री गल्लीतले आवाज वाढतात, ते यामुळेच. पण मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही साधारण ११ तासांचा असतो, आणि घरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. मांजरीच्या मेंदूला हा उन्हाळाच वाटतो. घरातली मांजर म्हणूनच दिवाळीतही माजावर येऊ शकते.

सर्वांत जास्त फसगत होते ती माज ओसरल्यावर. साधारण आठवडाभराने मनी गप्प होईल आणि काकू निर्धास्त होतील. पण मांजरीचं बीज गाय-म्हशीसारखं ठरलेल्या दिवशी आपोआप सुटत नाही. बहुतेक वेळा बोक्याशी संग झाला तरच सुटतं, तेही त्यानंतर एक-दोन दिवसांनी. संग झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा माज, पुन्हा तेच ओरडणं. आणि संग उरकायला मिनिटभरही लागत नाही. "पाचच मिनिटं जिन्यात गेली होती," याला म्हणूनच अर्थ नाही. एकाच वेताच्या पिलांचे बाप वेगवेगळे असू शकतात. साधारण ६३ ते ६५ दिवसांनी पिल्लं होतात.

"अजून पिल्लूच आहे ती." चार-पाच महिन्यांची, अडीच किलोच्या आसपासची मांजर गाभण राहू शकते. "तो तिचा सख्खा भाऊ आहे." मांजरांत ही नाती नसतात. "पिलांना पाजतेय, आता कशी राहील?" पाजतानाही राहते.

आणि एक वाक्य मी प्रत्येक सोसायटीत ऐकलं आहे: "एकदा तरी आई होऊ दे, मग करू ऑपरेशन." हे प्रेमाने म्हटलेलं असतं, त्यामुळे तोडून बोलवत नाही. पण एकदा व्याल्याने मांजरीची तब्येत सुधारते किंवा ती शांत होते, याला कसलाही आधार नाही. नुकसान मात्र मोजलेलं आहे. मांजरीच्या स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी आढळला आहे, वर्षाच्या आत झालेल्यांत सुमारे ८६ टक्क्यांनी. ज्या पहिल्या वेतासाठी आपण थांबतो, त्या थांबण्यातच हे संरक्षण हातचं जातं. शिवाय त्या चार-पाच पिलांना घरं कोण देणार? मार्च-एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेली पिल्लं मी उचलली आहेत. ती सगळी वाचत नाहीत.

माज दाबायच्या गोळ्या-इंजेक्शनं स्वस्त आणि सोपी वाटतात. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं असतात आणि त्यांनी स्तनांना सूज, गाठी, गर्भाशयात पू, मधुमेह असे विकार होऊ शकतात. दुकानातून परस्पर आणून तर ती कधीच देऊ नयेत.

त्या रात्री करण्यासारखं थोडंच होतं. खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या, दाराला आतून कडी घातली, कारण माजावरची मांजर चौथ्या मजल्यावरूनही वाट शोधते. लिटर ट्रे साफ केला, मनीशी थोडं खेळलो. काकूंनी संध्याकाळी वैतागून तिला दोन धपाटे घातले होते, कुणीतरी मांजराचं रडणं अशुभ म्हणूनही सांगितलं होतं. काकू तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. "म्हणजे ती रडत नव्हती?" त्यांनी विचारलं. "नाही काकू, बोक्याला बोलावत होती."

ऑपरेशन माजातही करता येतं, फक्त तेव्हा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने बरेच डॉक्टर माज ओसरायची वाट बघतात. मनीचं दहा दिवसांनी झालं. ऑपरेशननंतरही एखादी मांजर काही महिन्यांनी पुन्हा तशीच ओरडू-लोळू लागली, तर तिला "सवय लागलीय" असं म्हणून सोडू नका. बीजांडकोशाचा एखादा तुकडा आत राहिलेला असू शकतो. डॉक्टरांना ते दिवस लिहून दाखवा, आणि शक्यतो ती ओरडत असतानाच घेऊन जा. तपासात तो तेव्हाच नीट कळतो.