अश्वशक्ती म्हणजे काय?

पंपाच्या दुकानी ‘हा तीन अश्वशक्तीचा, तो पाचाचा’ असे शब्द नित्य कानी पडतात. अश्वशक्ती जास्त तितके पाणी जास्त, असा पुष्कळांचा समज आहे. तो सर्वांशी खरा नव्हे. म्हणून या शब्दाचा अर्थ थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये जेम्स वॅट याने वाफेचे इंजिन सुधारले. त्या काळी पुष्कळ यंत्रांस घोडे जुंपीत. सबब इंजिन किती घोड्यांचे काम करील हे सांगण्यास्तव त्याने माप ठरविले. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे, ही एक अश्वशक्ती. विजेच्या मापाने ती सुमारे ७४६ वॅट होते.

यात ‘एका मिनिटात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अश्वशक्ती हे कामाचे नव्हे, तर कामाच्या वेगाचे माप होय. मोटेच्या बैलांनी दिवसभरात उपसलेले पाणी पंप काही तासांतच उपसतो. काम तेच; वेग निराळा.

आता हिशेब पाहू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक अश्वशक्ती दर सेकंदास सुमारे ७६ लिटर पाणी एक मीटर चढविते. समजा, सेकंदास १० लिटर पाणी हवे असून, नळातील घर्षण धरून एकूण चढ १५ मीटर आहे. दहास पंधराने गुणिता १५० येतात. त्यांस ७६ ने भागिले म्हणजे सुमारे दोन. परंतु सर्व शक्ती पाण्यास लागत नाही. पंप निम्मीच शक्ती पाण्यास लावतो असे धरल्यास चार अश्वशक्ती लागेल. अर्थात पाचाची मोटार पुरे. चढ दुप्पट झाल्यास शक्तीही दुप्पट लागेल.

तथापि मोठा पंप विहिरीचा झरा वाढवीत नाही. झरा सेकंदास चार लिटरांचा व उपसा दहाचा असेल, तर विहीर लवकर तळास जाते, पंप हवा ओढू लागतो व त्यास इजा पोहोचते. सरकारी कागदांतही हा आकडा येतो : २०२४ साली महाराष्ट्र सरकारने मोफत विजेची योजना जाहीर केली, ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठीच होती.

सबब पंपाची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या विहिरीचा चढ व उन्हाळ्यातील झरा मोजून ठेवावा, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.