जुन्या मोटारीच्या दारावरचा आरसा

वाटेने चालणाऱ्या माणसाला मागून कोणी हाक मारली, तर तो मान वळवून पाहतो. बैलगाडी हाकणाराही तेच करतो, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. मोटारीचे तसे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. तेवढा वेळ डोळे रस्त्यावरून काढणे धोक्याचे. मागचे पुढेच दिसावे, म्हणून मोटारीला आरसा लागतो.

ही युक्ती जुनी आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात सल्ला दिला होता, की गाडीत हातआरसा जवळ ठेवावा आणि अधूनमधून वर धरून मागचे पाहावे. पुढे १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येत आहे, हे सांगणे त्याच्याकडे असे. रे हॅरून मात्र एकटाच बसला, समोर एक आरसा लावला, आणि शर्यत जिंकला. गंमत अशी, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरे, की त्यात धड काही दिसत नसे, असे त्यानेच पुढे सांगितले. ही थरथर लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता एक गाडी डोळ्यांपुढे आणा. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची दोन माणसांची ठेंगणी, उघडी मोटार तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. हौशी मंडळींनी त्यांतल्या पुष्कळ आजही जपल्या आहेत. आपल्याकडे मुंबई-पुण्याला जुन्या मोटारींचे मेळे भरतात, तेथेही अशा जातीच्या गाड्या पाहायला मिळतात. ज्या काळी या गाड्या घडल्या, त्या काळी रस्त्यावर गर्दी कमी होती, आणि कित्येक गाड्यांना आतला एकच आरसा पुरे समजत. पण कापडी टप चढवला, की मागचे लहान खिडकीवजा प्लॅस्टिक तेवढे उरते. दोन्ही खांद्यांमागचा भाग झाकला जातो. शेजारून येणारी मोटारसायकल तेथे सहज दडते. म्हणून बाहेर आरसा लावायचा.

पहिला प्रश्न, तो लावावा कोठे? जुनी पद्धत पुढच्या मडगार्डवर लावण्याची. दिसायला तो डौलदार दिसतो. पण साधे गणित करून पाहा. दहा सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा डोळ्यापासून दीड मीटरवर, म्हणजे मडगार्डवर असेल, तर वीस मीटर मागे त्यात जेमतेम दीड मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. तोच आरसा दारावर, डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर आणला, तर सुमारे तीन मीटरचा पट्टा दिसतो. आरसा तोच, जवळ आणल्याने दृष्टी दुप्पट झाली. शिक्षकांनी हे समरूप त्रिकोणांचे उदाहरण म्हणून वर्गात जरूर घ्यावे. शिवाय दारावरचा आरसा बसल्या जागी हाताने फिरवता येतो, हा आणखी एक लाभ.

दुसरा प्रश्न, सपाट घ्यावा की फुगीर? घरातली चकचकीत पळी घ्या आणि तिच्या पाठीत पाहा. सारे स्वयंपाकघर तिच्यात मावते, पण प्रत्येक वस्तू लहान होते. हाच बहिर्वक्र आरशाचा गुण आणि हाच त्याचा दोष. समजा, आरशाच्या वक्रतेची त्रिज्या १.२ मीटर आहे आणि तो डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे. बारा मीटर मागे असलेला ट्रक त्यात जेवढा दिसेल, तेवढा सपाट आरशात दिसायला तो सुमारे पंचवीस मीटर मागे असावा लागेल. तो ट्रक आपल्यापेक्षा ताशी ३० किलोमीटरने वेगात असेल, तर चालकाला वाटते, तीन सेकंद हाताशी आहेत. खरे पाहता दीड सेकंदही नसतो! तेवढ्यात गाडी उजवीकडे घेतली, तर काय होईल ते सांगायला नको. अमेरिकेत म्हणूनच चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असावा असा नियम आहे. दुसऱ्या बाजूला फुगीर आरसा असेल, तर वस्तू दिसते त्याहून जवळ आहे, अशी सूचना त्याच्यावर छापावी लागते.

मग करावे काय? इंग्लंडात आपल्यासारखेच चक्र उजवीकडे असते. उजवा आरसा डोळ्याला जवळ, म्हणून तो सपाट चालतो. डावा दूर पडतो. तेथे सपाट आरशातून फारच थोडे दिसते, म्हणून तेथे किंचित फुगीर घ्यावा. एकाच गाडीला दोन तऱ्हेचे आरसे असले, तर हा फरक चालकाने मनात पक्का बसवला पाहिजे. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे चिमुकले आरसे शर्यतीच्या गाडीसारखे दिसतात खरे. पण काच लहान, म्हणजे दृष्टीही लहान.

आता बसवण्याचे काम. येथे घाई नको, कारण दाराच्या पत्र्याला एकदा भोक पडले, की ते परत मिटत नाही. चालकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने आसनावर बसावे, टप चढवावा, आणि दुसऱ्याने आरसा दारावर धरून हळूहळू पुढेमागे सरकवावा. एमजीबीच्या दाराला पुढे एक लहान तिकोनी काच असते. तिच्या चौकटीचा उभा दांडा नेमका दृष्टीआड येतो, म्हणून आरसा त्या काचेतून किंवा दांड्याच्या मागून स्वच्छ दिसतो ना, हे पाहावे. ती काच उघडताना आरशाला लागते का? दार पुरते उघडले, तर आरसा कोठे आपटतो का? सारे तपासल्यावरच कागदी पट्टी चिकटवून खूण करावी.

पुढची पायरी दाराच्या आतली. आतले पॅनेल काढून बघा. खाली घेतलेली काच आणि तिची खाच कोठून जाते, हे कळल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये. काच वर चढवून ठेवावी. खुणेवर पंच मारावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आधी बारीक भोक पाडून मग मोठे करावे. भोकाची धार कानशीने साफ करून उघड्या लोखंडाला गंजरोधक रंग द्यावा. हे राहिले, तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. आरशाखाली रबरी पॅकिंग ठेवावे. दाराचा पत्रा पातळ असतो, म्हणून आतून लहानशी लोखंडी पट्टी देऊन नट आवळावेत. हॅरूनच्या आरशाची थरथर आठवते ना? तिच्यावरचा उपाय ही पट्टी. ज्यांना भोक पाडायचेच नाही, त्यांच्यासाठी चिमट्याने धरणारे आरसेही मिळतात. मात्र ते सैल झाले नाहीत ना, हे वरचेवर पाहावे लागते.

शेवटी परीक्षा. आरसा असा फिरवा, की आतल्या कडेला आपल्या गाडीचा अगदी थोडा भाग दिसावा आणि क्षितिज मध्यावर यावे. मग गाडी उभी ठेवून एखाद्याला मागून पुढे, बाजूबाजूने चालत यायला सांगा. तो कोठे दिसेनासा होतो आणि पुन्हा डोळ्याच्या कोपऱ्यात कोठे येतो, तेथे जमिनीवर दोन रेघा ओढा. त्या दोन रेघांमधली जागा कोणताच आरसा दाखवणार नाही. वळण्यापूर्वी तिच्यासाठी क्षणभर मान वळवावीच लागते.

हा प्रयोग करायला एमजीबीच हवी असे मुळीच नाही. तुमच्या गावात ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, काहीतरी असेलच. शाळेच्या मैदानावर चालकाच्या जागी एकेका मुलाला बसवा आणि या रेघा ओढून घ्या. चालकाला आपण केव्हा दिसत नाही, हे ज्या मुलाने एकदा त्या आसनावरून पाहिले, तो चालत्या वाहनाच्या त्या बाजूला सहसा उभा राहणार नाही.