रायफल नेमकं कशाला म्हणायचं?

अमेरिकेत जुनी लष्करी रायफल सुट्या भागांत, खोक्यात भरून घरपोच येते. माझा पुतण्या बरीच वर्षं टेक्सासला आहे, आता तिथलाच नागरिक झालाय. त्यानं व्हिडिओ कॉलवर असा एक खोका माझ्यासमोर उघडला. तेलकट कागदातून एकेक भाग निघत होता. बट, हँडगार्ड, गॅस पिस्टन, ब्रीच ब्लॉक, ट्रिगरचा सगळा संच. "ओळखा काका, काय आहे?" ओळखायचं काय त्यात! आमची एसएलआर. म्हणजे तिची ब्रिटिश बहीण, एल१ए१.

मी राज्य राखीव पोलीस दलात आर्मोरर होतो. दौंडला दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र. उभी नोकरी कोतात गेली. कोत म्हणजे हत्यारांची खोली, आणि आर्मोरर म्हणजे त्या हत्यारांचा फिटर म्हणा, डॉक्टर म्हणा. निवृत्तीनंतर कुरकुंभला घर बांधलं. आता रात्री एमआयडीसीच्या बाजूनं वास आला की खिडक्या लावायच्या, एवढीच ड्यूटी. त्यामुळे पुतण्याच्या खोक्यानं जुना किडा वळवळला हे खरं.

हे खोकं बनतं कसं, ते आधी सांगतो. एखाद्या देशाचं सैन्य नवी रायफल घेतं, तेव्हा जुन्या हजारोंनी निकाली निघतात. त्या अख्ख्या नागरिकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून तिचा मधला सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो गॅसच्या ज्योतीनं कापून त्याचे तुकडे करतात. बाकीचे भाग तसेच राहतात आणि संच म्हणून विकले जातात. अमेरिकेचा १९६८ चा बंदूक कायदा रिसीव्हरलाच बंदूक मानतो. नंबर त्यावर, नोंद त्याची, दुकानदारानं पार्श्वभूमी तपासायची ती त्याच्यासाठी. बट, पिस्टन, ट्रिगर हा निव्वळ लोखंडलाकडाचा माल. म्हणून पुतण्यानं भाग पोस्टानं मागवले, आणि नवा रिसीव्हर मात्र परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून घेतला. तिथंही सगळं मोकाट नाही. परदेशी सुट्या भागांपासून अशी रायफल जोडायची तर ठरलेल्या यादीतले दहापेक्षा जास्त भाग परदेशी चालत नाहीत, आणि २००५ पासून अशा संचांबरोबर जुन्या नळ्याही येत नाहीत. पुढे लोकांनी अर्धवट घडवलेले, नंबर नसलेले रिसीव्हर विकायला सुरुवात केली. पोलिसांना माग न लागणाऱ्या बंदुका गुन्ह्यांत सापडू लागल्या, म्हणून २०२२ मध्ये सरकारनं नियम आवळला. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उचलून धरला.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येतच शस्त्राचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही धरली आहेत. पुतण्याच्या खोक्यातली फायरिंग पिन कुरकुंभच्या माझ्या कपाटात सापडली, तर मी बिनपरवाना शस्त्र बाळगलं असाच अर्थ होईल. परवान्याशिवाय बंदूक बनवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. घरी जोडली, हौस म्हणून जोडली, गोळी एकही झाडली नाही, यातलं काहीही कोर्टात कामाला येत नाही.

पुतण्याला हे अति वाटतं. मला वाटत नाही, आणि त्याचं कारण कायद्यापेक्षा कामातलं आहे.

रायफलीचे भाग जोडता येणं ही फार मोठी विद्या नव्हे. नवा रिक्रूट महिन्याभरात डोळे बांधून हत्यार खोलतो-जोडतो, आणि उस्ताद घड्याळ लावून उभा असतो. पण तो जोडतो ते एकाच हत्याराचे, एकमेकांशी आधीच जुळवलेले भाग. वेगवेगळ्या हत्यारांचे भाग आणून एक रायफल उभी करणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथं सगळा खेळ हेडस्पेसचा. गोळी चेंबरमध्ये बसली, मागून ब्रीच ब्लॉक बंद झाला, की काडतुसाच्या बुडाला मागे सरकायला किती जागा उरते, ते हे माप. इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. एसएलआरमध्ये ब्लॉक ज्या पोलादी आडव्या तुकड्यावर टेकतो, तो लॉकिंग शोल्डर, वेगवेगळ्या जाडीचा मिळतो. एका रायफलीला बसलेला दुसरीला बसेलच असं नाही. आम्ही गेज घालून बघायचो. एका गेजवर ब्लॉक बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होताच कामा नये. दुसऱ्यावर झाला की त्या हत्याराला लाल चिठ्ठी, मग साहेब कितीही घाई करोत.

जागा जास्त उरली तर पितळेची केस मागच्या बाजूला ताणून फाटते. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते, ७.६२ च्या गोळीमागचा दाब ५०,००० पीएसआयच्या घरात जातो. आणि तो फुटतो कुठं? नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. पुतण्याला मी एवढंच बजावलं की बाकी काय हौस करायची ती कर, पण गेज तुझ्या हातानं लावू नकोस. तिथल्या जाणत्या गनस्मिथकडे दे. त्यानं दिली. हे शहाणपण त्याला आमच्या घराण्यातून मिळालं असं त्याची काकू म्हणते.

आपल्या एसएलआरचे भाग त्याच्या रायफलीला बसतील का, हे त्यानं विचारलंच. भरवसा नाही. आपली १ए१ इशापूरच्या रायफल फॅक्टरीत १९६० च्या दशकात घडू लागली, ती परदेशी नमुने समोर ठेवून इथेच आखलेली. दिसायला जुळी, मापात सावत्र.

तिच्याआधीची थ्री नॉट थ्री मात्र माझी खरी आवडती. ली-एनफील्ड, दहा गोळ्यांचं मॅगझिन, बोल्ट एवढा गुळगुळीत की दोन बोटांनी मागे यावा. इशापूरलाच बनायची. १९६२ च्या चीन युद्धात ती कालबाह्य ठरली, तरी पोलिसांच्या खांद्यावरून उतरायला पुढची कित्येक दशकं गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या जवानांकडे हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला. असं हत्यार आपल्याकडे निकाली निघालं की बाजारात येत नाही. वरच्या हुकमानं जमा होतं, मोडीत निघतं. काहींच्या नळीला भोक पाडून, वर 'डीपी' म्हणजे ड्रिल पर्पज असं ठोकून, ती एनसीसीच्या पोरांना कवायतीला देतात. गोळी त्यातून सुटत नाही, पण खांदा तेवढाच दुखतो.

आता कुणी म्हणेल, बाहेरचे भाग आणून हत्यार उभं करणं हे मराठी माणसाच्या स्वभावातलं नाही. साफ चूक. आमच्या कुरकुंभच्या फिरंगाई देवीला नवस बोलायला येणाऱ्यांनी एकदा पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या तलवारी निरखून बघाव्यात. सतराव्या शतकात युरोपातली लांब, सरळ पाती जहाजांनी कोकण-गोव्याच्या बंदरांत यायची. नुसती पाती, मूठ नाही. इथला शिकलगार त्या पात्याला आपली मूठ चढवायचा, आणि फिरंग्यांच्या पात्याची म्हणून त्या तलवारीला नाव फिरंग. पकड आपल्या हाताच्या मापाची, बोटांवर लोखंडी परज, वर एक आखूड गज, म्हणजे वार दोन्ही हातांनी करता यावा. पात्याच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या देऊन रिव्हेट मारायचे. पातं हलता कामा नये, एवढंच बघायचं. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ मध्ये वेल्सच्या राजपुत्राला भेट दिलेली, आज लंडनच्या राजसंग्रहात असलेली तलवारही अशीच आहे, पातं युरोपातलं आणि मूठ इथली. आर्मोरर म्हणून मला विचाराल तर कौशल्य त्या सांध्यात आहे. पोलाद कुणीही विकत घेईल.

बंदुकीलाही हेच लागू. आमच्या कोतात प्रत्येक रायफलीला बट नंबर, बॉडीवर नंबर, बोल्टवर नंबर, आणि ते तिन्ही रजिस्टरात एका ओळीत. नंबर जुळले नाहीत तर हत्यार चालत असलं तरी उभं करायचं. अमेरिकन कायदा एका भागाला रायफल म्हणतो, आपला सगळ्याच भागांना. कोतातला हवालदार रजिस्टरातल्या ओळीला रायफल म्हणतो, आणि माझं मत हवालदाराच्या बाजूनं आहे.

गावाकडे परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेक बारा बोअर, नाहीतर ३१५. ही ३१५ म्हणजे थ्री नॉट थ्रीचाच बोल्ट, फक्त गोळी वेगळी. लष्करी बोअर नागरिकांना द्यायचा नाही हे धोरण इंग्रजांचं, आपण ते पुढे चालवलं. निवडणूक लागली की ही हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात, आणि पावसाळ्यात निवडणूक झालेली असेल तर नळीला गंज धरलेला असतो. मग एखादा बागायतदार गाडी काढून माझ्या दारात. "उस्ताद, जरा बोल्ट बघता का, अडकतोय." चहा पाजतो, बोल्टला हात लावत नाही. दुरुस्तीचा परवाना असलेलं पुण्यातलं दुकान सांगतो. परवाना बंदुकीच्या मालकाकडे आहे, माझ्याकडे नाही.