बादगीर म्हणजे जुन्या काळचा एसी नव्हे

इराणमधल्या यझ्दचे फोटो पाहिले, की मातकट घरांवर उभे असलेले उंच मनोरे लगेच नजरेत भरतात. हे बादगीर. 2017 मध्ये हे शहर जागतिक वारसा यादीत गेलं. ‘विजेशिवाय चालणारा एसी’ अशी बादगीराची ओळख करून दिली जाते आणि पहिला गैरसमज तिथेच रुजतो. बादगीर स्वतः हवा गार करत नाही, ती खेळती ठेवतो. मनोऱ्याच्या आत विटांचे पडदे घालून उभे कप्पे केलेले असतात. वाऱ्याकडच्या कप्प्यांतून हवा खाली उतरते, पलीकडच्या कप्प्यांतून खोलीतली गरम हवा वर निघून जाते. गारवा येतो पाण्यामुळे. दौलताबाद बागेतल्या 33 मीटरांहून उंच बादगीराखाली हौद आहे. कोरडी हवा त्यावरून गेली, की थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतं.

वारा पडला तरी काम थांबत नाही. उन्हाने तापलेल्या मनोऱ्यातली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी अंगणातल्या सावलीची हवा खोलीत ओढली जाते. मनोऱ्यातून बाहेर आलेली लाकडंही शोभेची नाहीत. ती बांधकाम जखडून ठेवतात आणि डागडुजीच्या वेळी परांचीसारखी उपयोगी पडतात.

असाच गैरसमज यखचालबद्दल, म्हणजे इराणमधल्या जुन्या बर्फघराबद्दल आहे. त्याच्या मातीच्या घुमटात बर्फ तयार होई, हेही खरं नाही. बर्फ धरायचा तो बाहेर, हिवाळ्याच्या रात्री, उथळ हौदांत. निरभ्र आकाशाखाली पाण्यातली उष्णता झपाट्याने निघून जाई, आणि शेजारची उंच भिंत दिवसा ऊन अडवी. घुमटाखालच्या खोल खड्ड्यात तो फक्त उन्हाळ्यापर्यंत साठवायचा. मेबोदचा यखचाल आजही पाहता येतो.

मला सगळ्यात मोठी चूक वाटते ती एकट्या मनोऱ्याला सारं श्रेय देण्याची. कच्च्या विटांच्या जाड भिंती दिवसाचं ऊन सावकाश आत येऊ देतात. मधल्या अंगणात झाडं आणि हौद. उन्हाळ्यात कुटुंब उत्तरेकडे तोंड असलेल्या खोल्यांत राही, दुपारी तळघरात उतरे, रात्री गच्चीवर झोपे. हिवाळ्यात दक्षिणेकडे उघडणाऱ्या, ऊन येणाऱ्या खोल्यांत मुक्काम. माणसांच्या या हलण्याशिवाय ते घर पुरतं समजतच नाही.

म्हणूनच नुसता मनोरा उचलून मुंबईत आणता येत नाही. विदर्भात वाळ्याचा कूलर मे महिन्यात उत्तम चालतो आणि कोकणात तोच अंग चिकट करतो, कारण दमट हवेत पाणी सहज उडत नाही; तेच इथेही लागू आहे. इराणच्या दमट किनाऱ्यावर, बंदर लेंगेहला, बादगीर आहेत. पण तिथे भर अंगाला वारा लागण्यावर आहे, पाण्यावर नाही. दमट हवेत घामाला दिलासा मिळतो तो वाऱ्यानेच. आपल्या किनारपट्टीवर घर बांधणाऱ्याने घ्यावं ते हे: समोरासमोर खिडक्या, भिंतींवर सावली आणि गरम हवेला वरून बाहेर पडायला मोकळी वाट.